देश सोडला, पण दंड मागं राहिला? अनुभव लिहा

कतारवाले काका
परवा भाच्याचा फोन, दोहा विमानतळावरून. गड्ड्याच्या जत्रेसाठी सुट्टी काढून निघालेला गडी इमिग्रेशनच्या खिडकीवर अडकला. रडारचा ५०० रियालचा दंड नावावर बाकी. कतारनं १ सप्टेंबर २०२४ पासून नियमच केलाय की वाहतुकीचा दंड थकला असेल तर विमान, जहाज, रस्ता, कुठूनच बाहेर पडता येत नाही. पठ्ठ्यानं तिथंच उभ्या उभ्या मेट्राश या सरकारी ॲपवर पैसे भरले आणि धावत गेट गाठलं.

त्यावरून माझ्या काळातली गोष्ट आठवली. कंपनीच्या गाडीचा दंड तेव्हा माणसावर नाही, नंबरप्लेटवर चढायचा. पिकअप एक, चावी आज याच्याकडे तर उद्या त्याच्याकडे. आमच्या खोलीतला बार्शीचा एक ड्रायव्हर कायमचा गावी गेला, सोडायला आम्हीच गेलो होतो. पुढं इस्तिमारा, म्हणजे गाडीची नोंदणी, नवा करायची वेळ आली तेव्हा मंदूब, म्हणजे कंपनीची सरकारी कामं बघणारा माणूस, यादी घेऊन हजर. मुखालफा, म्हणजे दंडाच्या नोंदी, सगळ्या त्या बार्शीकराच्या. पण चावी आता माझ्याकडे, म्हणून कात्री माझ्या पगाराला. मी म्हटलं, अहो त्या तारखांना मी सोलापुरात होतो, पासपोर्टवरचा शिक्का बघा. हिशेबनीसानं शिक्का नीट बघितला, मला चहा पाजला आणि पैसे कापायचे ते कापलेच.

मग मी गाडीत शाळेची दोनशेपानी वही ठेवली. चावी कुणी घेतली, किती वाजता, किलोमीटर किती, खाली सही. पोरं हसायची, "काका हजेरी घेतायत" म्हणून. पुढच्या इस्तिमाऱ्याला त्याच वहीमुळं दोघांचे पगार वाचले, तेव्हा हसणं थांबलं.

तुमच्यापैकी कुणाचं असं काही? दुबई, अमेरिका, कुठलंही चालेल.

विजापूर वेस
सौदीत बी तसंच हाय काका. मुखालफा भरल्याशिवाय एक्झिट री-एंट्री, म्हंजे सुट्टीवर जाऊन माघारी यायचा परवाना, निघतच नाही. साहेरचे, म्हंजे रस्त्यावरचे दंड लावणारे कॅमेरे २०१० पासून लागले, त्याच्या आधी लई मजा होती, नंतर मजा बंद. आमच्या खोलीत एक पोरगा होता, ट्रेलरवर. रात्री फोन आला, आई गेली. अबशर हे सरकारी ॲप उघडून बघतोय तर दंडाची रांग लागलेली, त्यामुळं सुट्टीचा कागद निघंना. खोलीतल्या पोरांनी, शेजारच्या खोलीतल्या बंगाल्यांनी, खालच्या बाकालावाल्यानं (किराणा दुकानदारानं), ज्याच्याकडं जेवढं होतं तेवढं काढलं. पहाटंपर्यंत भरून मोकळं केलं. तरी मातीला पोचला नाही बिचारा, तिसऱ्याला पोचला.

शेंगाचटणी
अरेरे 🙏
दम्मामला होता का तुम्ही? आमचे थोरले दीर जुबैलला होते. दरवेळी चटणी दोन किलो आणि कडक भाकरी न्यायचे. कस्टमवाल्यानं एकदा भाकरी वाजवून बघितली होती.

विजापूर वेस
व्हय वहिनी, दम्मामलाच. जुबैल जवळच. भाकरी वाजवली 😂😂

साखर पेठेची सून
आमची इटलीची कथा. दोघं पुण्यात नोकरीला, फिरायला म्हणून गेलो, गाडी भाड्यानं घेतली. फ्लॉरेन्सच्या जुन्या गावात झेडटीएल असतं, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी. ना फाटक, ना पोलीस, नुसता पांढऱ्या पाटीवर लाल गोल आणि वर कॅमेरा. हॉटेल सापडेना म्हणून सिद्धेश्वराला प्रदक्षिणा घालाव्यात तशा फेऱ्या मारत होतो. प्रत्येक फेरीचा दंड वेगळा लागतोय हे तेव्हा कुणाला माहीत!

परत आल्यावर महिन्याभरात कार्डातून युरो गेले. आम्हाला वाटलं, चला, दंड भरला गेला. इथंच लोक फसतात, म्हणून सविस्तर लिहितेय. ते पैसे गाडीवाल्या कंपनीचे होते, आमचं नाव-पत्ता तिथल्या पोलिसांना कळवण्याची फी! खरा दंड अजून यायचाच होता. परदेशातल्या माणसाला नोटीस पाठवायला त्यांच्याकडं ३६० दिवस असतात.

तर जवळजवळ वर्षानं साखर पेठेत पोस्टमन दारात, जाड लिफाफा, रजिस्टर. घरी सासूबाई एकट्या. त्यांनी सही करून घेतला आणि देव्हाऱ्यात ठेवला. फोनवर मला म्हणाल्या, "काहीतरी मोठं आलंय गं, परदेशी शिक्का आहे, हळदीकुंकू लावलंय." व्हिडिओवर उघडायला लावलं तर नंबरप्लेटचा फोटो, चौकाचं नाव, तारीख, वेळ, युरो. सासूबाईंचा पुढचा प्रश्न, "मग हे बक्षीस नाही?"

नोटीस मिळाल्यापासून ५ दिवसांत भरलं तर ३० टक्के सूट असते. आत लिहिलेल्या साइटवर जाऊन त्याच रात्री भरून टाकलं. साठ दिवस उलटले की रक्कम वाढते आणि पुढं वसुलीवाले मागं लागतात.

एमएच तेरा
हळदीकुंकू लावलेला दंड 😂 नशीब सासूबाईंनी नारळ नाही फोडला

शेंगाचटणी
सूनबाई पण त्या झेडटीएलमधल्या हॉटेलात उतरणाऱ्यांनी काय करायचं मग? उडत जायचं का?

साखर पेठेची सून
हॉटेलला आधी गाडीचा नंबर कळवायचा. ते पोलिसांकडं नोंदवतात, मग हॉटेलपर्यंत जाता येतं. आम्हाला हे पावती हातात पडल्यावर कळलं.

जुळे सोलापूर ते जर्सी
अमेरिकेत विमानतळावर कुणी विचारत नाही, त्यामुळं पोरांना वाटतं सुटलो. माझ्या आतेभावाचं सांगतो. शिकायला असताना वेगात गाडी चालवल्याचं तिकीट मिळालं. तिकिटावर कोर्टाची तारीख असते. एक तर त्याआधी पैसे भरा, नाहीतर हजर राहा. हा पदवी घेऊन भारतात. तारीख गेली.

आता बघा. नुसतं वेगाचं तिकीट बहुतेक ठिकाणी किरकोळ गोष्ट. पण तारखेला हजर न राहणं हा वेगळा मामला, त्याच्यावर वॉरंट निघू शकतं आणि त्या राज्यात लायसन्सचा हक्क निलंबित होतो. काही वर्षांनी आतेभाऊ नोकरीवर परत गेला, दुसऱ्या राज्यात. लायसन्स काढायला रांगेत उभा, खिडकीतल्या बाईनं स्क्रीन बघितली आणि म्हणाली, तुमच्या नावावर अमुक राज्याचा अडथळा आहे. नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर म्हणून प्रकार असतो, एका राज्याची निलंबनाची नोंद दुसऱ्याला दिसते. जुन्या कोर्टाला फोन, दंड, उशिराची फी, मग मंजुरीचं पत्र, मग परत त्याच रांगेत. तोवर ऑफिसला दुसऱ्यांच्या गाडीत.

व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये अटक किंवा शिक्षा झाली होती का असं विचारतात. वॉरंट निघालेलं असेल तर तिथं अंदाजानं उत्तर ठोकू नका, वकिलाला विचारा.

कडक भाकरी
इकडं आपल्या गावात ई-चलन आलं की लोक लोकअदालतीची वाट बघत बसतात, कधी सूट मिळते म्हणून. तीच सवय घेऊन तिकडं जातात आणि मग बोंबलतात.

एमएच तेरा
कडक भाकरी, तुमचे स्वतःचे किती बाकी आहेत ते सांगा आधी 😄

कडक भाकरी
विषय भरकटवू नका मालक

अक्कलकोट रोड
आम्ही नेपाळला गेलो होतो, पशुपतिनाथाला, टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन, सुनौलीवरून. तिथं सीमेवर भन्सार, म्हणजे गाडीचा जकात कर, भरावं लागतं, जितके दिवस राहणार तेवढ्या दिवसांचं. कागद काचेजवळच ठेवायचा, सारखे बघतात. पोखऱ्याच्या वाटेवर ओव्हरटेक केलं म्हणून पोलिसांनी ड्रायव्हरचं लायसन्स काढून घेतलं आणि हातात चिठ्ठी दिली. दंड भरायचा, चिठ्ठी दाखवायची, लायसन्स परत. पण कार्यालय मागच्या गावात आणि त्या दिवशी सुट्टी. ड्रायव्हर म्हणतोय, ऱ्हाऊ द्या तिकडंच, सोलापुरात हरवलं म्हणून दुसरं काढतो. गाडीतल्या आज्ज्या भडकल्या. बिनालायसन्सच्या माणसाबरोबर आम्ही घाट उतरणार नाही! शेवटी मुक्काम वाढवला, भन्सारचा जादा दिवस भरला, लायसन्स सोडवलं, मगच निघालो. वाढीव मुक्कामात आज्ज्यांनी रुद्राक्षांची खरेदी उरकली ती वेगळी.

विजापूर वेस
आज्ज्या भारी 👏

पार्क चौक
कुणाला माहितीये का, परदेशात गाडी चालवायचं इंटरनॅशनल परमिट सोलापूरच्या आरटीओत मिळतं का पुण्यालाच जावं लागतं

एमएच तेरा
मिळतं की. राहता त्या भागाच्या आरटीओत अर्ज. फी १००० रुपये, एक वर्ष चालतं. पासपोर्ट घेऊन जा, व्हिसाची अट २०२१ मध्येच काढली.

पार्क चौक
धन्यवाद. बरं झालं, व्हिसा अजून आला नाही 🙂

जावईबापू
लंडनच्या पूर्वेला टेम्सवर डार्टफर्ड क्रॉसिंग आहे. तिथं टोलनाका २०१४ सालीच काढून टाकला. गाडी थांबतच नाही. दुसऱ्या दिवशी रात्री बारापर्यंत ऑनलाइन पैसे भरायचे, नाही भरले तर ७० पौंडांची पेनल्टी, १४ दिवसांत भरली तर ३५. सासरेबुवा माझ्या शेजारी बसून पूर्ण पुलावर म्हणत होते, "बघा, इंग्रजांनी टोल माफ केला! नाहीतर आपल्याकडं मोहोळपर्यंत जायचं म्हटलं तरी..." गाडी भाड्याची, त्यामुळं नोटीस आधी कंपनीला, तिथून फी लावून मला. सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही, त्यांचा टोलमाफीचा किस्सा नव्या पेठेत सगळ्यांना सांगून झालाय.

शेंगाचटणी
सांगू पण नका. माणसाचं सुख किती लहान असतं.
(कुकरच्या शिट्ट्या झाल्या, येते जाऊन)

नुसती वाचक
मी कधी लिहीत नाही पण आता लिहिते. मुलगा दुबईत व्हिजिटवर गेलाय, मित्रांबरोबर गाडी भाड्यानं घेतली होती, उद्या रात्री मुंबईला परत येणार. गाडी जमा केली. पण म्हणतो एका ठिकाणी फ्लॅश उडाल्यासारखा वाटला. विमानतळावर धरतील का हो? मला झोप नाही.

दुबईकर (आता होटगी रोड)
ताई, घाबरू नका. भाड्याच्या गाडीचा दंड गाडीवर पडतो, म्हणजे कंपनीच्या खात्यात. ते त्याच्या क्रेडिट कार्डवर रोखून ठेवलेल्या डिपॉझिटमधून वळते करतात, वर आपली फी लावतात. म्हणून तर डिपॉझिट लगेच सोडत नाहीत, काही आठवडे धरून ठेवतात. सालिकचे टोलही त्यातूनच.
किती वेगात होता ते विचारा. दुबईत मर्यादेच्या वर २० किलोमीटरपर्यंत सहसा कॅमेरा उडत नाही, त्यापुढं ३० पर्यंत ६०० दिरहम, ४० पर्यंत ७००, ५० पर्यंत १०००. साठच्या वर गेला असेल तर २०००, लायसन्सवर १२ ब्लॅक पॉइंट आणि गाडी महिनाभर जप्त. तसं असेल तर गाडीवाला त्या दिवसांचं भाडंही मागतो, तेव्हा मात्र भांडण होतं.

दुबईकर (आता होटगी रोड)
आणि अबू धाबीला गेले होते का? तिथं ती २० ची सवलत २०१८ पासून नाही. पाटीवर १४० म्हणजे १४०.

नुसती वाचक
अबू धाबीलाच गेले होते ना, मंदिर बघायला 😟 थांबा विचारते

नुसती वाचक
म्हणतो १४५ असेल. आणि गाडी तो नाही, मित्र चालवत होता. पण करारावर सही आणि कार्ड याचंच.

दुबईकर (आता होटगी रोड)
मग ३०० दिरहम धरून चाला, वर कंपनीची फी. विमानात बसेल तो, काळजी नको. पण त्याला सांगा, उद्या दिवसा दुबई पोलिसांच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघ आणि गाडीवाल्याकडून गाडी परत दिल्याची वेळ लिहून घे. नाहीतर नंतर दुसऱ्या गिऱ्हाइकाचाही दंड याच्या कार्डावर चढवतील. मित्राकडून अर्धे आत्ताच घ्यायला लावा, मुंबईत उतरल्यावर कुणी देत नाही.

नुसती वाचक
पूर्णच घेणार, चालवत तो होता. त्याच्या आईलाच फोन लावते आत्ता.