स्लीव्हनंतर डबा आणि संसार

प्रश्न: बायकोच्या स्लीव्हला (वजन उतरवायला पोट लहान करायची शस्त्रक्रिया) सहा आठवडे झाले. आता ठाणे-सीएसएमटी लोकल सुरू. डब्यात काय द्यावं? संबंध कधीपासून?

उत्तर १: आधी प्रथिनं, दिवसाला ६०-८० ग्रॅम. पनीर भुर्जी, मऊ मुगाचं धिरडं चालेल. पोळी शेवटी, जागा उरली तर. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. स्टेशनवरचा वडापाव नकोच! पावाचा चिकट गोळा होऊन अडकतो. छातीत कळ, मग ओकारी.

उत्तर २: उसाचा रसही नको. साखर झरकन आतड्यात उतरते. घाम, धडधड, जुलाब. गॅस्ट्रिक बायपासवाल्यांना (पोट लहान करून आतड्याला पुढे जोडतात ते, हृदयाचं नव्हे) जास्तच.

उत्तर ३: जखमा भरल्या, सर्जन हो म्हणाले की हरकत नाही, पोटावर भार नको, कुशीवर सोपं. मात्र दिवस राहणं १२-१८ महिने टाळा. वजन उतरलं की पाळी सुधारते, गर्भ पटकन राहतो. बायपास असेल तर गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा नाही, तांबी बरी.