मदत हवी आहे: धर्मग्राम विलीनीकरणाविरुद्ध अर्जाची मुदत कधीपासून मोजतात?

आम्ही मूळचे वसईचे, सध्या अमेरिकेत. आमचा धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका चर्चशी जोडलेला कॅथलिक भाविकांचा समुदाय) शेजारच्या दोन धर्मग्रामांत विलीन करण्याचा बिशपांचा हुकूमनामा रविवारच्या मिस्सेत वाचून दाखवला. लेखी प्रत नंतर मिळाली. त्यात कॅनन कायद्याचं (कॅथलिक चर्चच्या अंतर्गत कायद्याचं) कलम ५१५ आणि धर्मगुरूंच्या मंडळाचं मत घेतल्याचा उल्लेख आहे.

कलम १७३४ नुसार फेरविचाराचा अर्ज आधी बिशपांकडेच, १० दिवसांत द्यावा लागतो. नकार आला तर १५ दिवसांत रोमकडे दाद मागता येते. अर्ज तयार आहे, समितीच्या नावाने नाही, प्रत्येकाच्या स्वतःच्या सहीने. पॅरिश ऑफिसात मुदतीबद्दल विचारलं, स्पष्ट उत्तर मिळालं नाही. दिवाणी कोर्टात जायचं नाही.

धर्मगुरू कमी पडतात हे आम्हालाही दिसतं, त्यामुळे विलीनीकरण एक वेळ स्वीकारू. जीव अडकलाय तो चर्चच्या वास्तूत. विलीनीकरणाने चर्च आपोआप बंद होत नाही. त्यासाठी कलम १२२२ खाली गंभीर कारण आणि वेगळा हुकूमनामा लागतो.

कॅनन कायदा शिकलेलं कुणी सांगेल का: १० दिवस मिस्सेतल्या वाचनापासून धरायचे की प्रत हाती आल्यापासून? आणि आत्ता गप्प राहिलो, तर पुढे चर्च बंद करण्याच्या हुकूमनाम्याविरुद्ध दाद मागण्याचा आमचा हक्क शाबूत राहतो का?