डिसेंबरात दोन्ही भावांची नोकरी जातेय, मेडिक्लेम आणि ईएसआयचं आधी काय करावं?

अनगोळचा_थोरला

नमस्कार मंडळी. घरात एकाच महिन्यात दोघांना नोटीस आली आहे. माहिती थोडक्यात देतो.

मी: पगार ४६ हजार. कंपनीचा ५ लाखांचा ग्रुप मेडिक्लेम, त्यात मी, बायको, दोन मुलं आणि आई. आई ६६ वर्षांची, साखरेच्या गोळ्या चालू. ती ग्रुपमध्ये चार वर्षं आहे, तिचा हप्ता माझ्या पगारातून कापतात. शेवटचा दिवस ३१ जानेवारी धरला होता, आता एचआर म्हणतात, नोटीसचे पैसे एकदम देतो, ३१ डिसेंबरलाच मोकळे व्हा.

धाकटा भाऊ: बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपला, पगार १९,५००, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापतात, पाच वर्षं पूर्ण. त्याचा शेवटचा दिवस १५ डिसेंबर. राजीनामा लिहून दे, हिशोब लगेच करतो, असं सांगितलंय.

एजंटनं पाच जणांना मिळून १० लाखांचा फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच पॉलिसी) सुचवलाय, पण हप्ता झेपणारा नाही. रेशन कार्ड एपीएल (दारिद्र्यरेषेच्या वरचं) आहे. सुरुवात कुठून करू?

फौंड्रीचा_हिशोबनीस

सुरुवात भावापासून, त्याची तारीख आधी आहे.

राजीनामा अजिबात लिहून देऊ नका. 'कामावरून कमी केले' असं लेखी पत्र मागा. राजीनाम्यावर सही झाली की एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार, ही कपातीची भरपाई मागायचा आधारच जातो. 'हिशोब लगेच' हे आमिष तर फुकाचं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे, तिच्याप्रमाणे काढलं काय नि सोडलं काय, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचाच असतो. ग्रॅच्युइटी वेगळी, तिला ३० दिवस. बेसिक आणि डीए मिळून १३,००० असेल तर १३,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ५ वर्षं, म्हणजे ३७,५००.

आता ईएसआय. लोकांना वाटतं नोकरी गेली की कार्ड बंद. तसं नाही. एप्रिल ते सप्टेंबर कापलेल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत लाभ मिळतो, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर. अट अशी की त्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. भावाचा पहिला टप्पा, एप्रिल ते सप्टेंबरचा, भरलेला आहे, त्यामुळे जूनअखेरपर्यंत त्याच्या बायकोपोरांसकट दवाखाना चालू राहील.

पण दुसऱ्या टप्प्याचे दिवस मोजा. ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३०, डिसेंबरचे १५. झाले ७६. दोन दिवस कमी पडतात आणि त्या दोन दिवसांपायी जुलै ते डिसेंबरचा सगळा लाभ हातचा जातो! शेवटची तारीख १७ किंवा त्यापुढे करून घ्या, किंवा शिल्लक पगारी रजा १५ तारखेच्या पुढे लावून मागा. कंपनीला खर्च किरकोळ आहे, नीट सांगितलं तर बहुतेक ठिकाणी ऐकतात. हा हिशोब महिन्याच्या पगारावर असणाऱ्यांचा. रोजंदारीवर असून रविवारचा पगार मिळत नसेल तर दिवस आणखी कमी भरतात, तेव्हा पे स्लिपवरचे पगारी दिवस जुळवून बघा. विनापगारी सुट्ट्या झाल्या असतील तर त्याही वजा होतात.

बेकारी भत्त्याचं पण बघा. ईएसआयच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत आयुष्यात एकदा ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के मिळतात. दोन वर्षं १९,५०० धरले तर सुमारे २८,८५० रुपये होतात. नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी अर्ज करायचा. गैरवर्तनाची शिक्षा किंवा स्वेच्छानिवृत्ती असेल तर मिळत नाही, म्हणून पत्रावरचे शब्द महत्त्वाचे. कारखाना बंद पडला किंवा रीतसर कपात झाली तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना जास्त फायद्याची: २४ महिने भत्ता, पहिलं वर्ष ५० टक्के, दुसरं वर्ष २५ टक्के, वर उपचार. दोन्ही एकदम मिळत नाहीत. अटल योजनेची मुदत वेळोवेळी वाढवत आणलेली आहे, तेव्हा अर्ज भरायच्या आधी शाखा कार्यालयात चालू मुदत विचारा. भावाचं आधार आणि बँक खातं ईएसआय नंबरला जोडलंय का तेही आत्ताच बघून ठेवा, अर्ज तिथंच अडकतात.

कॉलेजरोडचा_पॉलिसीवाला

दादा, तुमच्याकडे येतो. 'नोटीसचे पैसे एकदम घ्या' हे ऐकायला गोड आहे, पण ग्रुपमधून नाव निघतं ते कार्यमुक्तीच्या तारखेला. पैसे घेऊन ३१ डिसेंबरला मोकळे झालात तर १ जानेवारीला कुटुंब उघड्यावर. त्यापेक्षा म्हणा, मी घरी बसतो, पण नोटीस ३१ जानेवारीपर्यंत हजेरीपटावर राहू दे. पैसे तेवढेच मिळतात, मेडिक्लेम एक महिना जास्त.

तो महिना मायग्रेशनला वापरायचा. ग्रुप पॉलिसीतल्या सभासदाला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फ्लोटर पॉलिसीत जायचा हक्क आहे, आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षा काळातून (जुन्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ) वजा होतात. आईसाठी हे सोन्याहून पिवळं. नव्या पॉलिसीत आधीच्या आजाराला जास्तीत जास्त ३६ महिने थांबवू शकतात. तिची चार वर्षं झालीत, म्हणजे साखरेचा प्रतीक्षा काळ संपलेला धरला पाहिजे. दुसऱ्या कंपनीची कोरी पॉलिसी घेतलीत तर तो पहिल्यापासून सुरू.

एचआरकडून आजच ईमेलनं मागा: मास्टर पॉलिसीचा नंबर, प्रत्येकाचं नाव कोणत्या तारखेला घातलं त्याचा दाखला, मागच्या पॉलिसी वर्षांची ई-कार्डं, आणि क्लेमचा तपशील. नोकरी सुटल्यावर पोर्टल बंद होतं आणि हे कागद मिळवता मिळवता नाकी नऊ येतात. अर्ज शेवटच्या दिवसाच्या आधी गेला पाहिजे. नंतर गेला की मधला खंड दाखवून नव्यानं घ्या म्हणतात.

दोन गोष्टी एजंट सांगत नाहीत. एक, वर्षांची सूट जुन्या ५ लाखांपुरतीच. १० लाख केलेत तर वरच्या ५ लाखांना प्रतीक्षा काळ नव्यानं. दोन, हप्ता ग्रुपच्या दरानं नाही, बाजारातल्या दरानं लागणार, आणि कंपनी वैद्यकीय तपासणीही मागू शकते. साखर लपवू नका. अर्जात गोळ्यांची नावंसुद्धा लिहा. पाच वर्षं सलग झाल्यावर कंपनीला जुना आजार सांगितला नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षणही नाही.

पाच जणांचा फ्लोटर नकोच. फ्लोटरचा हप्ता सगळ्यांत मोठ्या वयावर ठरतो, म्हणजे ६६ चा दर पोरांच्या माथी. आईची पॉलिसी वेगळी, तुम्हा चौघांची वेगळी. चौघांना ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर ५ लाख डिडक्टिबलचा (म्हणजे बिलाच्या पहिल्या ५ लाखांनंतरचंच देणारा) सुपर टॉप-अप, हे थेट मोठी पॉलिसी घेण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडतं. नुसता 'टॉप-अप' देत असतील तर नको म्हणा. वर्षात चार-चार लाखांची दोन बिलं झाली तर साधा टॉप-अप काहीच देत नाही, कारण एकही बिल ५ लाखांवर गेलं नाही. सुपर टॉप-अप बेरीज धरतो आणि वरचे ३ लाख देतो.

रूम भाड्याची मर्यादा बघून घ्या. मर्यादा ५,००० आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली, तर फक्त वरचे ३,००० जातात असं नाही. डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग या सगळ्या खर्चाचे पाच अष्टमांशच मंजूर होतात. त्या खर्चाचे १,६०,००० झाले तर १,००,०००च मिळतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही. हॉस्पिटलात भरती करताना टीपीए डेस्कला (विम्याचे क्लेम बघणारा कक्ष) मर्यादेतली खोली मागितली तर हा प्रश्नच येत नाही.

हप्ता फारच डोईजड होत असेल तर आरोग्य संजीवनी आहे, सगळ्या कंपन्यांत अटी एकच: ५ टक्के आपल्या खिशातून, खोली ५,००० पर्यंत, मोतीबिंदूला एका डोळ्यामागे जास्तीत जास्त ४०,०००. तुमच्या एजंटचा तक्ता जुना असेल तर त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला असेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर पॉलिसीवर जीएसटी शून्य आहे, आकडा पुन्हा काढून मागा.

पत्त्याचं एक. काही पॉलिसींचा दर शहरांच्या झोनवर असतो. बेळगावचा पत्ता दिला की हप्ता कमी, पण पुण्या-मुंबईत उपचार घेतले तर काही टक्के आपल्यावर पडू शकतात. आपली माणसं बेळगावात नाही झालं तर मिरज, कोल्हापूर, हुबळी धरतात, तेव्हा ही शहरं कुठल्या झोनमध्ये येतात ते वाचूनच सही करा.

खानापूरची_ताई

सरकारी योजनांचं मी सांगते, कारण यात गैरसमज फार.

आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक एपीएललाही आहे, पण अर्धवट. बीपीएलला कुटुंबामागे वर्षाला ५ लाख. एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. म्हणजे लाखाच्या पॅकेजला ७० हजार तुमचेच. त्यातही आधी सरकारी दवाखान्यात दाखवून तिथून रेफरल घ्यावं लागतं, आपल्याकडे बहुधा बिम्समधून (बेळगावचं सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल). थेट खासगीत भरती होऊन मग पत्र मागितलं तर चालत नाही. तातडीच्या आजारांच्या यादीला मात्र रेफरल लागत नाही.

गावाकडच्या पीकेपीएसमध्ये (शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था) किंवा एखाद्या सहकारी सोसायटीत घरचं कुणी सभासद असेल तर कर्नाटक सरकारची यशस्विनी योजना बघा. ग्रामीण भागात चार जणांना ५०० रुपये आणि पुढे माणशी १००, शहरी सोसायटीला १,००० आणि पुढे २००. मर्यादा वर्षाला ५ लाख. पण ती मुख्यतः ठरलेल्या शस्त्रक्रियांची योजना आहे. डेंग्यूनं चार दिवस सलाईन लागलं तर उपयोग नाही. नोंदणीही वर्षभर चालू नसते, सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारून ठेवा.

आणि महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. सीमाभागातल्या ८६५ गावांना ती लागू केलेली आहे, म्हणून बरेच जण तिच्या भरवशावर राहतात. नियोजित ऑपरेशन असेल तर आधी त्या संलग्न हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेचा तिथला मदतनीस) कागद दाखवून होकार घ्या, मगच पेशंट न्या. रात्री-अपरात्री कागदांवर वाद घालत बसायची योजना ही नव्हे.

नावांची स्पेलिंगं जुळवा. आपल्याकडे आधारवर एक, कन्नड रेशन कार्डावर दुसरं, पॉलिसीत तिसरं असतं. योजनेचं कार्ड काढताना ऑनलाइन जुळणी तिथंच फसते.

अनगोळचा_थोरला

सगळ्यांचे आभार. भावाची तारीख २० करायला सुपरवायझर तयार आहे, तोंडी. आईच्या कापलेल्या हप्त्याचं काय, परत मिळतो का?

कॉलेजरोडचा_पॉलिसीवाला

आईच्या नावावर या पॉलिसी वर्षात क्लेम झाला नसेल तर उरलेल्या महिन्यांचा परतावा मागा, बहुतेक ग्रुप पॉलिसींत मिळतो. क्लेम झाला असेल तर मिळत नाही, उलट हप्ते महिन्या-महिन्यानं कापत असतील तर वर्षाची उरलेली रक्कम फायनल सेटलमेंटमधून कापतात. सेटलमेंटचा कागद सहीपूर्वी मागून ती ओळ वाचा.

फौंड्रीचा_हिशोबनीस

तोंडी नको. २० तारीख पत्रावर आली पाहिजे, आणि डिसेंबरची वर्गणी २० दिवसांची भरली का ते जानेवारीत ईएसआयच्या पोर्टलवर बघा. कंपनीला भरायची मुदत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत असते, त्यामुळे १६ नंतर बघितलं तरच कळेल.