मूळ १७ इंची रिमवर विंटर टायर, साईझ कुठली घ्यायची?

म्युनिकचा_नवखा:
नमस्कार मंडळी, मार्चमध्ये सेकंडहँड फोक्सवॅगन गोल्फ ७ घेतली, सोबत फक्त उन्हाळी टायर मिळाले, २२५/४५ आर१७ ९१डब्ल्यू. आता ऑक्टोबर लागला आणि ऑफिसात जो तो विचारतोय टायर बदललेस का. नवीन रिम घ्यायच्या नाहीयेत, आहेत त्याच अलॉयवर चढवायचेत. पण गाडीच्या कागदावर १५.१ च्या रकान्यात २०५/५५ आर१६ लिहिलंय, म्हणजे माझी गाडी बेकायदा फिरतीये का काय? त्यात एक जण २१५/५५ आर१७ चा सेट दीडशे युरोला देतोय, १७ म्हणजे १७, बसेल ना? पुण्यात टायरवाल्याला 'आहे तोच टाका' म्हटलं की विषय संपायचा हो.

श्टुटगार्टकर:
बेकायदा वगैरे काही नाही. त्या रकान्यात एकच साईझ छापतात, बाकीच्या चालणाऱ्या साईझ सीओसी नावाच्या कागदात असतात, गाडीच्या फाईलमध्ये बघा, नसेल तर डीलरकडून मागवा.
तो दीडशेवाला सेट मात्र घेऊ नका. १७ हा फक्त रिमचा व्यास झाला. तुमचा टायर २२५ रुंद, त्याच्या ४५ टक्के म्हणजे साधारण १०१ मिमी उंची, ती वर-खाली दोन्हीकडची आणि रिमचा १७ इंची व्यास धरून चाक ६३४ मिमीचं. २१५/५५ चं होतं ६६८. पाच टक्के मोठं, स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०५ च्या आसपास असणार आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आत घासायची भीती वेगळीच. २०५/५० आर१७ चं ६३७ येतं, ते जवळ आहे, पण सीओसीत तुमच्या रिमसोबत दिलेलं असेल तरच. रिमची रुंदी चाकाच्या मागच्या बाजूला कोरलेली असते.
लोड, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, ९१ च्या खाली नको. स्पीडला, म्हणजे कमाल वेगाच्या अक्षराला, डब्ल्यूची गरज नाही, एच (ताशी २१० किमीपर्यंत) चालतो, फक्त गाडी २१० च्या वर पळत असेल तर ड्रायव्हरच्या नजरेसमोर २१० चा स्टिकर लावायचा. आणि टायरवर डोंगर-हिमकणाचं चिन्ह हवंच, ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं एम+एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं चालत नाही, बर्फात पकडलं तर ६० युरो दंड आणि लायसन्सच्या नोंदीत एक पॉइंट.

मॉन्ट्रियलची_ताई:
आमच्याकडे कॅनडात, क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायरची सक्तीच आहे. मी पहिल्या वर्षी असंच मूळ रिमवर केलं, दर सहा महिन्यांनी टायर उतरवा, चढवा, बॅलन्सिंग करा, वर मिठाने अलॉयची पार वाट लागली. शेवटी १६ इंची स्टीलच्या रिम घेतल्या. अर्थात ब्रेकच्या कॅलिपरला रिम घासत नाही ना ते आधी बघायचं. आणि मूळ फोक्सवॅगन रिमचे बोल्ट गोल बुडाचे असतात, बाहेरच्या रिमना बहुतेक वेळा शंकूचे लागतात, ते एकमेकांत मिसळू नका.

म्युनिकचा_नवखा:
मोबाईलचा टॉर्च लावून चाकामागे पालथा पडून वाचलं, ७जे × १७ ईटी४९, म्हणजे रिम ७ इंच रुंद. सीओसी पण सापडला, सर्व्हिस बुकात घडी घालून ठेवला होता. सरळ २२५/४५ आर१७ ९१एच घेतो, डोक्याला ताप नको. ताई, स्टीलचं पुढच्या वर्षी बघू. उतरवलेले उन्हाळी टायर एकावर एक रचले तर चालतील?

श्टुटगार्टकर:
रिम नसेल तर उभे ठेवा, मधूनमधून थोडे फिरवा. आणि बसवून झाल्यावर ५० किमीनंतर बोल्ट परत आवळून घ्या, १२० न्यूटन मीटर.

म्युनिकचा_नवखा:
ओके. तळघरात आमच्या वाट्याला आलेल्या कोपऱ्यात खालच्या आजीबाईंच्या दोन सायकली आहेत, आता आधी त्यांना जर्मनमध्ये विनंती करायची तयारी करतो.