गुडघ्याला भोक, म्हणून देव नाही

पिंपळपान : परवा इथेच एकांनी लिहिलं, "देवळांत कपड्यांचे नियम आले ते बरंच झालं, या टीनेजर पोरांना देव म्हणजे सेल्फी पॉइंट." तिथे प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा.

गेल्या संकष्टीला लेकीला (वय १५) घेऊन गेले होते. देवळाचं नाव घेत नाही. जीन्सला गुडघ्यावर रुपयाएवढं भोक, तेही सायकलवरून पडल्याचं. दारावरच्या माणसाने तिला रांगेतून बाजूला काढलं, खोक्यातली घामाचा वास मारणारी ओढणी दिली. "कमरेला गुंडाळ, नाहीतर बाहेर थांब." आमच्या पुढचे काका बर्म्युडात! त्यांना "या साहेब". विचारलं तर म्हणे, ते रोजचे आहेत. पोरगी घरी येईपर्यंत अवाक्षर बोलली नाही. आता देवळात चल म्हटलं की तिचा नेमका अभ्यास असतो.

ठाणेकर : सिद्धिविनायक न्यासाने जानेवारी २०२५ मध्ये तोकडे आणि फाटके कपडे नकोत म्हणून सांगितलं, ते भाविकांच्याच तक्रारींवरून. ऑफिसचा ड्रेसकोड निमूट पाळता ना? घरात दुसरी पँट नव्हती का?

निवांत : तुळजापुरात मे २०२३ मध्ये असाच फलक लावला आणि ओरड होताच त्याच दिवशी उतरवला. आई भवानी कोपली का? आणि नऊवारी-सहावारीत पोट-पाठ दिसते, ती संस्कृती. पोरीचा गुडघा दिसला की अंगप्रदर्शन.

ठाणेकर : साडीवर घसरायची गरज नव्हती.

धोपटमार्ग : कपडे राहू द्या हो, व्हीआयपी पासचं बोला. आईला (७४, दोन्ही गुडघे गेलेले) घेऊन चार तास रांगेत होतो. बाजूच्या दाराने सफारीवाले कुटुंबकबिल्यासह आत. तिरुपतीला ३०० रुपयांचं तिकीट आहे, ते निदान उघड तरी आहे.

ठाणेकर : त्याच पैशावर अन्नछत्र चालतं. फुकट जेवताना आठवत नाही वाटतं?

धोपटमार्ग : आम्ही जेवलो नाही. आणि जेवलो असतो तरी पानात दक्षिणा ठेवली असती. तोंड सांभाळून बोला.

निवांत : ज्येष्ठांची रांग वेगळी असते, विचारलं का?

धोपटमार्ग : विचारलं. "आधार कार्ड आणा." आधार गावी.

केंटकर : इकडे इंग्लंडात ब्लूवॉटर मॉलने २००५ मध्ये हुडी आणि बेसबॉल टोपीवर बंदी घातली होती. पंतप्रधान ब्लेअरनी पाठिंबाही दिला. गंमत म्हणजे आतल्या दुकानांत हुड्या विकायला होत्याच. डोकं झाकलं की पोरगं चोर, तुमच्याकडे गुडघा उघडा की वाया गेलेलं. पोरं तीच.

ठाणेकर : आलंच का विलायत! मॉल आणि मंदिर एक नव्हे. राहिले ते काका. बरं बाई, बर्म्युडावाल्यांनाही अडवायला हवं होतं. लिहून देऊ का स्टॅम्पपेपरवर?

पिंपळपान : द्या, त्या दारावर चिकटवते. आणि हो, जीन्स रफू करून आणली. तरी आली नाही.

निवांत : मग दुसऱ्या देवळात न्या ना. आमच्या गल्लीतल्या मारुतीला कोणी विचारत नाही.

धोपटमार्ग : पासचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.