‘मानोंग’ला मराठीत काय म्हणावं?

शाल्मली_क : कॅलिफोर्नियातल्या फिलिपिनो शेतमजुरांवरचा एक लेख मराठीत आणतेय. १९२०-३०च्या दशकांत स्टॉक्टन-डिलानोकडे शतावरी, द्राक्षांच्या मळ्यांत राबायला आलेली ही तरणी पोरं. १९३३पासून तिथल्या कायद्यानं गोऱ्या बाईशी लग्नाला बंदी, १९३४पासून वर्षाला फक्त ५० जणांना देशात प्रवेश. कितीतरी जण बिनलग्नाचेच म्हातारे झाले. त्यांना ‘मानोंग’ म्हणतात, फिलिपिन्सच्या इलोकानो भाषेत थोरला भाऊ. मी ‘दादा’ लिहिलं, संपादकांनी ‘काका’ केलं. दोन्ही खटकतंय.

गोदातीर : ‘अण्णा’ लिहा. थोरलेपण आणि मान, दोन्ही येतं.

जुनाजाणता : मला तर ‘मानोंग’मध्ये आपला ‘मान’च दिसतो. तिथल्याच तागालोग भाषेत संस्कृत शब्द आहेतच : गुरो, मुखा, आसा (आशा).

शाल्मली_क : ते तिन्ही बरोबर, पण मानोंग स्पॅनिश ‘एर्मानो’वरून आलाय. थोरली बहीण मानांग, ती ‘एर्माना’.

जुनाजाणता : असेल. माझ्या कानाला मान ऐकू येतो तो येतोच.

सिस्टर_नेरुळ : मी सात वर्षं कॅलिफोर्नियातल्या एका इस्पितळात होते. अमेरिकेच्या १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर शिकलेल्या फिलिपिनोंना वाट मोकळी झाली, माझ्या वॉर्डातल्या सिस्टर तशा घरांतल्या. फरशी पुसणारे एक वयस्क गृहस्थ होते, त्यांना त्या मानोंग म्हणायच्या. लिफ्टपाशी थांबून गावाकडची चौकशी करायच्या, भात आणि आंबट सिनिगांगचा डबा हातात द्यायच्या. पण सात वर्षांत एका टेबलावर जेवताना मी त्यांना पाहिलं नाही. एकीला विचारलं, तर म्हणाली, “मनिलात आम्ही ड्रायव्हरला, वॉचमनला मानोंग म्हणतो. माझा सख्खा भाऊ कुया.” म्हणून माझं मत ‘मामा’. शाळेतले शिपाईमामा, तसे.

गोदातीर : मामा? १९६५च्या सप्टेंबरात डिलानोचा द्राक्षसंप याच लोकांनी सुरू केला, लॅरी इट्लिआँग पुढे होते. मेक्सिकन शेतमजुरांचे पुढारी सेझर चावेझ यांची संघटना आठवड्यानं त्यांच्यात आली. त्यांना शिपाईमामाच्या रांगेत बसवायचं?

सिस्टर_नेरुळ : त्या रांगेत बसण्यात कमीपणा काय? माझी फी थकली होती तेव्हा परीक्षेला कोणी बसवलं, तर शिपाईमामांनी. हेडबाईंशी भांडून.

शाल्मली_क : मानोंगला दुसरीही बाजू आहे. १९७७च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनॅशनल हॉटेलात भाड्यानं राहणाऱ्या या म्हाताऱ्यांना बाहेर काढलं, तेव्हा हजारो लोक हातात हात गुंफून दाराशी उभे होते. त्यांतल्या तरुण पोरांच्या तोंडी मानोंग ही मानाचीच हाक होती.

जुनाजाणता : मग मूळ शब्दच ठेवा.

गोदातीर : मराठीत नात्याच्या शब्दांचा दुष्काळ पडलाय का? दर वेळी परका शब्द कशाला?

रानपाखरू : नात्याच्या शब्दांचंच सांगते. माझी आई धुणंभांडी करायची. अख्खी सोसायटी तिला मावशी म्हणायची आणि चहा कान तुटलेल्या वेगळ्या कपात द्यायची. तो कप गॅलरीत, नळाशेजारी पालथा असायचा.

सिस्टर_नेरुळ : पण ‘ए बाई’पेक्षा मावशी बरं ना?

रानपाखरू : आत्ताच आईला फोन करून विचारलं. म्हणाली, “सुमन म्हणाले असते तरी चाललं असतं.”

गोदातीर : आमच्या नाशकात पूर्वी बाई हाच मानाचा शब्द होता. शिक्षिकेला आजही बाईच म्हणतात.

जुनाजाणता : विदर्भात तर सख्ख्या बहिणीलाही बाई म्हणताना ऐकलंय. यावर वेगळा धागा काढायला हवा.