फौजींच्या गावात 'एजॅक्स'चं वाचन: नंतरची चर्चा कशी चालवावी?

कोयनाकाठ:
सातारा तालुक्यातलं गाव, घरटी एक माणूस फौजेत. समाजमंदिरात प्राचीन ग्रीक नाटककार सॉफोक्लिसच्या 'एजॅक्स' या नाटकातले प्रवेश वाचून गावाशी चर्चा करायची आहे. अमेरिकेत नाट्यदिग्दर्शक ब्रायन डोरीज २००८ पासून सैनिकांसमोर हेच करतात. चार नट, शंभरेक प्रेक्षक. किती वाचावं? की आपल्याकडचंच काही घ्यावं?

तिसरी घंटा:
ग्रीकच घ्या. पानिपत घेतलंत तर भाऊ चुकले की होळकर, यातच रात्र जाईल. परक्या नावांमुळे कुणाच्या घराकडे बोट जात नाही. शिवाय लिहिणारा स्वतः अथेन्सचा सेनापती होता.

चाळीस मिनिटांच्या वर नको. कोरसला, म्हणजे एजॅक्सच्या खलाशी सोबत्यांच्या घोळक्याला कात्री लावा, एक म्हातारा खलाशी पुरे. भर एजॅक्सच्या बायकोवर, टेक्मेसावर ठेवा. ट्रॉयच्या युद्धात मेलेल्या अकिलीसची शस्त्रं आपल्याला न मिळता ओडिसियसला गेली म्हणून पेटलेला ग्रीक योद्धा एजॅक्स भ्रमात लुटीची गुरं-मेंढरं शत्रू समजून कापतो, काही तंबूत बांधून चाबकानं फोडतो. भानावर आल्यावर त्या मढ्यांत अन्नपाणी सोडून बसतो. हे टेक्मेसा तंबूबाहेर येऊन सांगते. वाचणारीनं इथं रडायचं नाही, घरातली गोष्ट शेजारणीला सांगावी तसं सपाट वाचायचं. रडली की प्रेक्षक तिच्या अभिनयाकडे बघत बसतात.

शेवटी एजॅक्स आत्महत्या करतो, ती वाचू नका. त्याआधीचं भाषण मात्र हवंच: तो एकाएकी शांत होतो, नमतं घेतो, तलवार पुरायला जातो म्हणतो आणि सोबती आनंदानं नाचायला लागतात. तिथंच थांबा.

वारणेचा वारा:
वाचन जमेल हो, सत्कार आवरा! शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पुढाऱ्यांचे 'दोन शब्द' सुरू झाले की चर्चा मेली. वीरपत्नीला स्टेजवर मांडून ठेवणं तर मुळीच नको.

वाचन संपताच नटांनी उठावं. त्याच खुर्च्यांवर निवृत्त हवालदार, फौजीची बायको, फौजीचं मोठं झालेलं पोर आणि समुपदेशक. प्रत्येकी चार मिनिटं, कुठलं वाक्य लागलं एवढंच. निवृत्त अधिकारी शेजारी बसवू नका, साहेबासमोर हवालदार तोंड उघडत नाही.

मग सगळे दिवे लावा. 'कसं वाटलं?' विचारलंत तर 'छान' एवढंच येईल. 'सोबत्यांच्या काय लक्षात आलं नाही?' असं विचारा आणि मिनिटभर गप्प राहा. ती शांतता सूत्रसंचालकाला सोसत नाही, तो शायरी म्हणतो आणि सगळं मुसळ केरात. कॉर्डलेस माईक दोन, एक बायकांच्या बाजूला, पण धरायचा स्वयंसेवकानं. बोलणाऱ्याच्या हाती गेला की भाषण होतं. मोबाईल शूटिंग बंद. सुट्टीवरचा जवान युनिट, ठिकाण सांगू लागला तर थांबवा.

कोयनाकाठ:
२६ जुलै, कारगिल विजय दिवस धरू का? परवानग्या?

तिसरी घंटा:
जुलैत पत्र्यावरच्या पावसात काही ऐकू येणार नाही, आणि त्या दिवशी सत्कार टळत नाही. दिवाळीत जवान येतात खरे, पण बाहेर फटाके. यात्रेच्या दोन दिवस आधी धरा.

संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, वेळेत पाठवा. सॉफोक्लिसला विचारायला नको, मराठी भाषांतरकाराला विचारावंच लागतं, तेही लेखी. माईकसाठी पोलीस ठाण्यात अर्ज; रात्री दहाला बंद म्हणजे बंद. धारा काढून माणसं येतात, तेव्हा साडेसातला सुरू केलंत तर चर्चेला सव्वा तास उरतो.

खुर्चीखुर्चीवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर छापलेली चिठ्ठी ठेवा. समुपदेशकाला संपल्यावर अर्धा तास थांबवा, चहाच्या टेबलापाशी. माईकवर न बोललेले तिथं येतात.